गफूर मिस्त्रींची रेघ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. एका शुक्रवारी दुपारी, चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात, थिनरमध्ये बुडवलेल्या चिंधीनं मी एका स्क्रूवरची लाल रेघ पुसली. बोटाच्या पेराएवढीसुद्धा नव्हती ती. पण ती गफूर मिस्त्रींनी मारलेली होती. ती गेली आणि त्यांचं नाव गेलं. माझं राहिलं.

गफूर मिस्त्रींना सगळे चाचा म्हणायचे. कारखान्यातलं गॅसवर चालणारं इंजिन ते सांभाळायचे. पाइपलाइननं गॅस येतो, त्यावर इंजिन फिरतं, त्यातून वीज होते आणि त्या विजेवर आमची भट्टी चालते. मी देखभालीचा इंजिनिअर, म्हणजे कागदावर त्यांचा साहेब. चाचा ठेकेदाराचे माणूस. उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, साठीला टेकलेले, घर शहागंजच्या मागच्या गल्लीत. अंगानं किरकोळ, पण इंजिनाच्या खोलीत शिरले की जागा त्यांचीच वाटायची.

त्यांची एक पद्धत होती. इंजिनात जाणाऱ्या हवा-गॅसचं मिश्रण जुळवायचा स्क्रू ते एकट्यानं कधीच फिरवायचे नाहीत. आधी कुणाला तरी शेजारी उभं करायचे. "जाधवसाहेब, या. गवाह व्हा." मग मोठ्यानं सांगायचे, "पाव फेरा, उजवीकडं." तेवढाच फिरवायचे. मग खिशातून नेलपॉलिशची बाटली काढून स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक सरळ लाल रेघ ओढायचे. नंतर स्क्रू केसभर जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसणार. बाटली त्यांच्या बेगमची. हेल्पर पोरं चिडवायची, "चाचा, चाची को मालूम है क्या?"

"मालूम है ना! म्हणती, इंजनला माझी सवत करून आणलीच हाय, तर आता नटवा तिला."

रेघ कशासाठी, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. ते म्हणाले, "साहेब, आमच्याकडं सर्टिफिकेट नाय. मी हात कुठं लावला आन् कुठं नाय लावला, ते दिसाया पायजे. हेच आमचं सर्टिफिकेट."

हवा आणि गॅस यांचं प्रमाण मी कॉलेजात समीकरणानं शिकलो होतो. कळलं ते चाचांमुळे, तेही कँटीनमध्ये. तिथल्या शेगडीची ज्योत पिवळी पडली होती आणि पातेली काळी होत होती. चाचा आत डोकावून स्वयंपाकीणबाईंना म्हणाले, "मावशी, तुमची शेगडी लई माजली. गॅस खाती, हवा खात नाय." बर्नरखालची चकती त्यांनी जरा सरकवली. ज्योत निळी झाली. आणखी सरकवली, तर ज्योत बर्नर सोडून फडफडायला लागली. "आता उपाशी मरती बघा. माजू द्यायचं नाय आन् उपाशी मारायचं नाय, येवढंच काम हाय इंजनचं." मग माझ्याकडे वळून, "गंगापूरचे तुम्ही. ऊस बघून किती पाणी पायजे ते सांगता ना? तसंच हे."

धुराच्या वाटेवर एक सेन्सर असतो. जळून बाहेर पडलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते तो कंट्रोलरला कळवतो, आणि त्यावरून कंट्रोलर गॅस कमी-जास्त करतो. चाचा त्याला इंजिनाचं नाक म्हणायचे. ठरावीक तास चालल्यावर हे नाक थकतं आणि ते बदलावं लागतं. थकलं तरी बंद पडत नाही, खोटं सांगायला लागतं. गोम तिथेच आहे.

त्या वर्षी सेन्सर बदलायची वेळ झाली तेव्हा मी तो मागवायलाच विसरलो होतो. ऑडिट तोंडावर होतं आणि माझ्या बढतीचा विषय निघालेला होता. मी नोंदवहीत 'सेन्सर बदलला' असं लिहून खाली सही ठोकली. आठवड्याभरात येईल, बसवू, कोण बघतंय! पुढे तो आलासुद्धा. पण बसवायला इंजिन थांबवावं लागणार होतं आणि माल पाठवायची घाई चालली होती. सेन्सर माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिला.

चाचांनी मला दोनदा सांगितलं. "साहेब, नाक मेलंय तिचं. आवाज ऐका. गॅस जास्त हाय म्हणून सांगतंय, अन् कंट्रोलर गॅस कापत चाललाय. उपाशी चालली ती."

"मीटरवर तर सगळं ठीक दिसतंय, चाचा."

"मीटर त्या नाकाचंच ऐकतंय ना!"

गुरुवारी इंजिनानं ठोके चुकवले. सिलिंडरमध्ये न जळलेला गॅस सायलेन्सरकडे गेला आणि तिथे पेटला. आतली धूर साफ करणारी जाळी वितळून गोळा झाली. भट्टी थंड पडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इंजिनाच्या कंपनीचा माणूस तपासायला येणार होता. त्याला दोनच गोष्टी सापडू शकत होत्या. एक तर सेन्सर जुना आहे, म्हणजे माझी नोंद खोटी. नाहीतर मिश्रणाचा स्क्रू कुणीतरी फिरवलाय. स्क्रूवर चाचांची रेघ होती, सरळ, अखंड. महिन्यापूर्वी ती त्यांनी ओढली तेव्हा गवाह मीच होतो.

शुक्रवारी दुपारी चाचा जुम्म्याच्या नमाजला गेले. बाकीचे जेवायला. मी जुना सेन्सर काढून नवा बसवला आणि सायलेन्सरमधली काजळी बोटावर घेऊन त्याला चोळली. मग रेघ पुसली. मग स्क्रू अर्धा फेरा फिरवला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील. हात थरथरत होते असं लिहिलं तर बरं वाटेल, पण थरथरत नव्हते. मी चांगला मिस्त्री झालो होतो. चाचांनीच केलं होतं.

चौकशी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये झाली. कंपनीचा माणूस म्हणाला, स्क्रू जागेवर नाही. चाचा उठून इंजिनाकडे गेले आणि लगेच परत आले. चेहरा पांढरा पडला होता.

"माझी रेघ कुणी पुसली, साहेब?"

मॅनेजरसाहेब वैतागले. "रेघ-बिघ राहू द्या. स्क्रू शेवटचा तुम्हीच फिरवला होता ना? तेव्हा बरोबर कोण होतं?"

हा प्रश्न ऐकून चाचा सैलावले. चक्क खुर्चीला टेकून बसले. इतका वेळ ते खुर्चीच्या कडेवर होते. "जाधवसाहेब हायत ना! विचारा त्यांना. ते होते उभे."

मी म्हणालो, "मी तेव्हा फोनवर होतो. नीट पाहिलं नाही."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "फोनवर?" एवढंच म्हणाले. सेन्सरचं नावही त्यांनी काढलं नाही. अहवालात 'अप्रशिक्षित मिस्त्रीने परवानगीशिवाय छेडछाड केली' असं आलं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

गेटपास जमा करायला आले तेव्हा मी गेटपर्यंत त्यांच्याबरोबर गेलो. का गेलो, मला सांगता येणार नाही. ते थांबले.

"जुम्म्याला गेलो, तवा केलं का?"

मी रस्त्यापलीकडच्या रिक्षांकडे बघायला लागलो.

"मी समोर असतो तर तुमच्याच्यानं झालं नसतं. येवढं मला म्हाईत हाय." आणि ते रस्ता ओलांडून रिक्षाकडे गेले. शिवी दिली असती तर मी ती आयुष्यभर बरोबर बाळगली असती आणि थोडा हलका झालो असतो. त्यांनी तीही सोय ठेवली नाही.

औद्योगिक वसाहतीत असली बातमी चहाच्या टपरीवरून फिरते. 'स्क्रू फिरवणारा मिस्त्री' एवढीच ओळख उरली. दोन-तीन ठिकाणी त्यांनी विचारून पाहिलं, कुणी घेतलं नाही. आता ते पुतण्याच्या भांड्यांच्या दुकानात बसतात. मला बढती मिळाली. नव्या पोरांना मी इंजिन शिकवतो. "माजू द्यायचं नाही आणि उपाशी मारायचं नाही," असं सांगितलं की पोरं वहीत लिहून घेतात. वाक्य कुणाचं, हे मी सांगत नाही.

गेल्या ईदच्या आधी बायकोबरोबर शहागंजला गेलो होतो. गर्दीत ते समोरूनच आले. दाढी पूर्ण पांढरी. सलाम त्यांनीच आधी केला.

"कशी हाय ती?"

मला क्षणभर कळलं नाही. इंजिनाबद्दल विचारत होते.

"ठीक आहे, चाचा."

"सेन्सर टायमावर बदलता ना?"

"हो."

"बदलत जा," म्हणाले, आणि बायकोला आदाब करून पुढे गेले. "कोण हो हे?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "जुने मिस्त्री आमचे." म्हणजे खोटं बोललो नाही. खरंही बोललो नाही.

तो अहवाल अजून ऑफिसच्या कपाटात आहे. तो खोटा आहे, स्क्रू मी फिरवला, गफूर मिस्त्रींनी नाही, हे माझ्या सहीनं कारखान्याला लिहून देणं आणि मग शहागंजला जाऊन, दुकानात चार माणसं बसलेली असताना, त्यांच्यासमोर उभं राहून मोठ्यानं सांगणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.