सासऱ्यांच्या होडीवरचा सहा

चहा उकळतोय तोवर एक सांगून टाकतो. अट एकच, मध्येच कुणी हसायचं नाही. मी साताऱ्याच्या एका हायस्कुलात ड्रॉइंगचा मास्तर होतो, आणि माझ्या हातून एक आकडा उलटा लागला. एकच आकडा! पण त्यापायी माझे सासरे कृष्णेत बुडाल्याचं भोंग्यावरून जाहीर झालं. सासरे धडधाकट होते. आता बोला!

पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. माझं नुकतंच लग्न झालेलं. सासुरवाडी सांगलीजवळ, अगदी कृष्णाकाठी. सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते 'चहा घ्या' म्हणाले तरी माणूस आधी ताठ उभा राहायचा आणि मग कपाला हात लावायचा.

श्रावणात तिथं होड्यांच्या शर्यती व्हायच्या. सगळ्या होड्या लाकडी, डांबर फासलेल्या, काळ्याकुट्ट. त्या वर्षी सुभेदारांनी फौजेच्या मोडीतून एक लांबोडकी हिरवी होडी आणली. प्लास्टिकची! अख्खं गाव येऊन तिच्यावर टिचक्या मारून गेलं. एका म्हाताऱ्यानं तर वास घेऊन पाहिला.

शर्यतीच्या कमिटीनं होडी नोंदवून घेतली आणि नंबर दिला, सहा. पलीकडच्या काठावरून दिसेल असा इंग्रजी आकडा दोन्ही अंगांना पाहिजे, नाहीतर पाण्यात उतरू देणार नाही, असा नियम. लाकडी होडीवर रंगानं काढतात. या प्लास्टिकवर रंग काही टिकेना. सकाळी लावला की दुपारी पापुद्रे सुटायचे. शेवटी माझा मेव्हणा नामदेव मुंबईहून चिकटवायचे आकडे घेऊन आला. मागचा कागद सोलायचा आणि दाबून बसवायचा. गावानं असलं काही कधी पाहिलेलं नव्हतं.

आता हे नाजूक काम करायचं कुणी?

"जावईबापू हायत की!" सुभेदार म्हणाले. "ड्राइंग मास्तर हायत. त्यांच्याबिगार कुनी हात लावायचा न्हाई."

नवा जावई, त्यात कलाकार! मी बाह्या सरसावल्या.

होडी अंगणात दोन पिंपांवर पालथी ठेवलेली होती. उताणी ठेवली की कोंबड्या आत जाऊन अंडी घालायच्या, म्हणून. मी फूटपट्टी घेतली, खडूनं रेघ मारली, ओळंबा सोडून बघितला. अहो, गवंडी भिंतीला एवढं जपत नाही! भोवती माणसं गोळा झालेली. मी त्यांना समजावून सांगत होतो.

"हे बघा, सहा आणि नऊ यांत माणसं हमखास घोटाळा करतात. सहाचं पोट खाली, शेपूट वर. हे ध्यानात ठेवलं की झालं."

"लय बारीक डोस्कं हाय दाजींचं," नामदेव म्हणाला.

मी दोन्ही अंगांना सहा चिकटवला. पोट खाली, शेपूट वर. शिवाय पाण्यानं सुटायला नको म्हणून कडेनं पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन फासलं. सासूबाईंनी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या.

शर्यतीच्या दिवशी होडी पालथीच पोरांनी डोक्यावर घेतली. पुढं हलगी, मागं गाव. दोन्ही अंगांना माझा सहा झळकत होता. जो तो म्हणत होता, "आकडा बघा आकडा, कसा हाय!"

शर्यत सुटायची ती वरच्या वळणापलीकडून. होडी घेऊन सुभेदार, नामदेव आणि वल्ही मारणारी पोरं तिकडं गेली. मला मात्र पाहुणा म्हणून घाटावर, जिथं शर्यत संपते तिथं, कमिटीच्या मांडवात खुर्ची मिळाली. शेजारी बायको शालन आणि सासूबाई. पुढं कमिटीचे आप्पा, एका हातात दुर्बीण, दुसऱ्या हातात भोंग्याचा माईक. आमचा खरा सामना पैलतीरच्या गावाशी. त्यांचा नंबर होता नऊ.

बार उडाला. थोड्या वेळानं वळणावरून होड्या दिसू लागल्या. सगळ्यांत पुढं एक हिरवी होडी. नुसती सुसाट!

"अहो, आपलीच!" शालन उभी राहिली.

मी डोळे बारीक करून नंबर वाचला. नऊ.

"खाली बस," मी म्हणालो. "पैलतीरच्यांनीपण प्लास्टिकची आणलेली दिसतेय."

"पण आबांची मिशी दिसतीय की!"

"एवढ्या लांबून मिशी दिसत नसते. नंबर बघावा. डोळा फसतो, आकडा फसत नाही." हे मी वर्गात पोरांनाही सांगायचो. त्या दिवसानंतर बंद केलं.

आप्पांनी भोंग्यावर सांगितलं, "पयली आली नऊ लंबर!" पैलतीरचे लोक नाचायला लागले. मागोमाग दुसरी होडी आली. मग तिसरी, काळी, लाकडी. आप्पांनी नंबर वाचला आणि दुर्बीण धोतराला पुसली. पुन्हा पाहिलं.

"नऊ लंबर... आजून एकदा आली," आप्पा चाचरत म्हणाले.

पैलतीरच्यांना काय, त्यांनी पुन्हा नाचून घेतलं.

बाकीच्याही सगळ्या आल्या. सहाचा पत्ता नाही! मी तसाच आप्पांकडं धावलो.

"आप्पा, आमची सहा नंबर आली नाही हो! मी सुभेदारांचा जावई."

"काय सांगताय?" आप्पांचा चेहरा उतरला, आणि हातातला माईक चालूच होता. "आरं, सुभेदारांची सा लंबर बुडली वाटतं! पवनारी माणसं पळा रं!"

मग काय विचारता! सासूबाईंनी हंबरडा फोडला. गड्यांनी भराभर पाण्यात उड्या टाकल्या. हलगीवाला हलगी टाकून पळाला. मी काठावर उभा राहून सासऱ्यांच्या नावानं "मामा! मामा!" असं ओरडत होतो, कारण मला पोहता येत नाही.

एवढ्यात ती पहिली आलेली हिरवी होडी गर्रकन वळली आणि उलट्या दिशेनं वेगानं वर निघाली. मला भरून आलं. शालनला म्हटलं, "बघ, पैलतीरचे असूनही माणुसकी किती! स्वतःचा आनंद सोडून तुझ्या वडिलांना शोधायला निघाले."

शालननं माझ्याकडं पाहिलं. संसारात तसं ती पहिल्यांदाच पाहत होती.

बऱ्याच वेळानं होडी घाटाला लागली. तिच्यातून ओलेचिंब सुभेदार उतरले. दम लागलेला. ते तडक मांडवात आले.

"आप्पा, भोंग्यात 'बुडली' एवढंच कळलं, तवा वळनापतुर समदी नदी धुंडाळली. कुनी गावलं न्हाई. बुडली कुनाची होडी?"

आप्पांनी माईक खाली ठेवला. "सुभेदार... तुमचीच की!"

सुभेदारांनी मागं वळून होडीकडं बघितलं. मग स्वतःकडं बघितलं.

"मी तर हितं हाय."

"तुमी हाय, पर तुमची सा लंबर कुठं हाय? ही तर नऊ लंबर."

तेवढ्यात नामदेवनं आतलं पाणी काढायला होडी पालथी केली. सहा! आप्पा म्हणाले, "आरं, परत उताणी कर." नऊ! "पालथी कर." सहा! गावच्या जत्रेत एवढी गर्दी कधी जमली नव्हती. मागची माणसं "आमालाबी दावा" म्हणून पुढं घुसत होती. नामदेव बिचारा होडी उलटी-सुलटी करून घामाघूम झाला.

कमिटी बसली. आप्पांनी उभं राहून निकाल सांगितला. "सुभेदारांची होडी पयली आली, ही गोष्ट खरी. पर कमिटीच्या दप्तरात ती सा लंबर हाय. सा लंबर फक्त पालथी आसताना सा लंबर आसती. ती पालथी पयली आली आसती, तर बक्षिसाची ढाल त्यांचीच व्हती."

ढाल दुसऱ्या होडीला गेली. पैलतीरचे दोनदा नाचून रिकाम्या हातानं घरी गेले.

आकडा काढून टाकावा म्हणून मी तिथंच नखं लावली. पण सोल्युशन मीच फासलेलं. नखं गेली, आकडा गेला नाही.

रात्री जेवताना सुभेदार ताट घेऊन माझ्याकडं पाठ करून बसले. सासूबाईंनी मात्र मला आग्रहानं पुरणपोळी वाढली. कुंकू शाबूत राहिल्याच्या आनंदात होत्या.

दुसऱ्या वर्षी कमिटीनं विचारलं, "सुभेदार, कुठला लंबर दिऊ?"

सुभेदारांनी माझ्याकडं एकवार पाहिलं आणि म्हणाले, "आठ द्या. जावईबापूंनी कसाबी चिटकीवला तरी आठच ऱ्हातोय."

या वेळी मी होडी आधी उताणी करून घेतली. त्या न निघालेल्या आकड्यावरच आठ चिकटवला. दोन्ही अंगांना. मग मागं सरून, मान तिरकी करून बघितलं आणि शालनला हाक मारली.

"बघ! आता यात काढ चूक."

ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आवं, आठाचं धाकलं पोट वर असतं ना?"