बर्फाखालचं तेल

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या मंडईत होते. उभी हयात समुद्रावर काढलेल्या माझ्या थोरल्या भावानं उजनी धरणाच्या फुगवट्यात, एका मच्छीमाराच्या होडीत बसल्या बसल्या मान टाकली होती... महिना उलटला, तरी हे मनाला पटत नाही.

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून जहाजावर गेलेला अण्णा पहिलाच. कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी होऊन तो उत्तर ध्रुवाकडच्या मालवाहू जहाजांवर जायचा. सुट्टीवर आला की आईला तिथले नियम सांगायचा. बर्फात जहाज हळू हाकायचं, पुढचा बर्फ जोखत जायचं आणि त्या पाण्यात तेलाचा थेंबही सोडायचा नाही. आई म्हणायची, "म्हंजी पिण्याच्या हिरीवानी." "व्हय, तसंच," तो म्हणायचा.

शेवटच्या सफरीत दाट धुकं होतं. आधीच उशीर झालेला, म्हणून कप्तान वेग कमी करेना. अण्णानं दोनदा सांगून पाहिलं. शेवटी बर्फानं तळ फाडला. माणसं वाचली, पण टाकीतलं जाड इंधन बाहेर पडून बर्फाखाली शिरलं. मदत लांबून यायची होती. तोवर बघत राहण्यापलीकडे कुणाच्या हातात फारसं काही नव्हतं. एक काळा झालेला पक्षी डेकवर येऊन पडला. अण्णानं त्याला टॉवेलात घेतलं. "पुसंल तसं तेल आत मुरत हुतं, मंगल," तो मला एकदाच म्हणाला. "हातातच गार झाला..."

चौकशीत कप्तानानं सगळा दोष धुक्यावर ढकलला. अण्णानं वेगाचं खरं ते सांगितलं. त्यानंतर त्याला कुठल्याच जहाजावरून बोलावणं आलं नाही. तो गावी आला, उसात राबू लागला. पण रस्त्यानं एखादी ट्रॉली खरडत गेली की त्याचा घास हातातच राहायचा. तळाला बर्फ असाच घासतो म्हणे.

फुगवट्यावरचे मच्छीमार इंजिनाचं जळकं ऑइल पाण्यात ओतायचे. अण्णा रोज काठावर जाऊन ते मागून आणू लागला. शिवा नावाच्या मच्छीमारानं विचारलं, "अण्णा, एवढ्याशा ऑइलनं काय हुतंय? पावसाळ्यात जातंय समदं वाहून."

"हितलं जात आसंल. तितलं न्हाय जात. आजून बर्फाखाली तसंच आसंल."

दुसऱ्या दिवसापासून शिवा आपणहून ऑइल आणून देऊ लागला. अण्णा गेला तो त्याच्याच होडीत. त्या सकाळी लांब पाण्यावर तेलाचा तवंग दिसला म्हणून अण्णानं त्याला होडी काढायला लावली होती.

"तवंग न्हवताच ताई," शिवा मला म्हणाला. "ढगाची सावली हुती. मी सांगणार, तवर..."

दहाव्यानंतर मी अण्णाच्या खोलीत गेले. पाण्याकडची खिडकी खिळे ठोकून बंद केलेली. "रोहित पक्षी उतरायला लागलं की ह्यांना तिकडं बघवायचं न्हाय," वहिनी म्हणाली. आम्ही दोघींनी मिळून खिळे उपसले. समोर उथळ पाण्यात रोहित उभे होते, ऊन अंगावर घेत. वहिनी पदर तोंडाला लावून त्यांच्याकडे बघत राहिली. मी मात्र एकेकाचं पोट निरखत होते... कुठं काळं दिसतंय का ते.