अकरा घरांचा गिलावा

बासष्टाव्या वर्षी क्लेम एंडाकॉटला लोकांच्या भिंती ठोठावायची खोड लागली आणि त्याचं डोकं फिरलंय असं हॅदरकूमने ठरवून टाकलं. असलं काही ठरवायला आमच्या गावाला पोस्टाच्या रांगेइतकाही वेळ लागत नाही.

तो कुणाच्याही फाटकाशी यायचा, घेवडा कसा आलाय, कोंबड्या अंडी घालतात की नाही, अशी चौकशी करायचा, आणि बोलता बोलता त्याच्या उजव्या हाताची बोटं भिंतीवर टकटक करायची. आधी छातीच्या उंचीवर, मग कमरेशी. मग बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने खाली वाकून अगदी जोत्यापाशी. मेबल नॉर्थकॉटबाईंनी एकदा पोस्टात सगळ्यांसमोर म्हटलं की दार कुठल्या बाजूला असतं ते त्याला कुणीतरी समजावून सांगा. लोक खो खो हसले. क्लेमही हसला, पण कोटाच्या आत त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

तो घाबरला होता. साधासुधा नाही, जेवण उतरत नाही असा घाबरला होता. आणि हे सांगायला गावात माणूस नव्हता, कारण ज्याची भीती वाटावी ते काम त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं.

आमच्याकडची जुनी घरं तांबड्या मातीची. मातीत गव्हाचं काड घालून गुरांच्या पायांखाली तुडवायचं, दगडी जोत्यावर दोन हात जाडीची भिंत चढवायची, वर गवताचं छप्पर, आणि दर वसंतात चुन्याचा हात. एंडाकॉटांच्या पाच पिढ्यांनी दुसरं काही केलं नाही. क्लेमचा बाप सॅम्युएल भिंत बघायचा ती डाव्या तळहाताने. गाभण गाईच्या पोटावर हात ठेवावा तसा ठेवायचा, थोडा वेळ गप्प उभा राहायचा, आणि मग कुठे काय करायचं ते सांगायचा. बोलणं एकूण कमीच.

क्लेमला मात्र तोंड होतं. एकोणिसशे एकसष्ट साली तो एकोणतीस वर्षांचा होता, लष्कराच्या बांधकामातून नुकताच सुटून आलेला, आणि सिमेंट म्हणजे काय चीज आहे हे त्याने बघितलं होतं. टकर शेतकऱ्याच्या कोठाराच्या भिंतीवर त्याने आधी हात बसवला आणि मग नॉर्थकॉटांच्या घराला सिमेंटचा गिलावा केला. गुळगुळीत, करडा, टणक. तीस वर्षं चुन्याच्या बादलीला शिवायला नको, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. बायका तर हुरळूनच गेल्या. दोन उन्हाळ्यांत त्याने अकरा घरं केली. अकरावं त्याच्या थोरल्या बहिणीचं, आयव्हीचं. ते त्याने प्रेमाने, फुकट केलं.

काम संपलं त्या दिवशी बाप बघायला आला. तळहात गिलाव्यावर ठेवला, उचलला, विजारीला पुसला. "भिंतीला घाम येतो, क्लेम," एवढंच म्हणाला.

चार माणसं उभी होती. "मग तिला एक रुमाल देऊन टाका, बाबा," क्लेम म्हणाला.

माणसं पोट धरून हसली. सॅम्युएल घरी जाऊन बटाटे जेवला. भिंतींबद्दल मुलाशी तो परत एक शब्द बोलला नाही, आणि त्रेसष्टच्या थंडीच्या कडाक्यात छातीत कफ भरून गेला.

त्यानंतर क्लेमचं आयुष्य चांगलं गेलं. लग्न झालं, बायको चांगली मिळाली आणि लवकर गेली. कौन्सिलने बांधलेल्या विटांच्या घरात तो राहत होता, रविवारी चॅपेलमध्ये खर्जात गायचा, आणि गावात जाता-येता आपल्या अकरा घरांकडे बघून त्याची मान जरा ताठ व्हायची.

चौऱ्याण्णवच्या एप्रिलमध्ये तो टकरच्या अंगणात फाटकाची बिजागरी बघत उभा होता. दुपारचे तीन, वारा नाही, पंधरा दिवसांत पावसाचा थेंब नाही. मागून एक आवाज आला, मोठ्या जनावराने श्वास सोडावा तसा. क्लेमने मान वळवली. कोठाराची भिंत पडत नव्हती, ती बसत होती. थकलेली गाय पुढचे गुडघे मोडून बसते तशी ती खालून मोडली आणि जागच्या जागी बसली. बाहेरची सिमेंटची साल क्षणभर एकटीच उभी राहिली, आत माणूस नसलेल्या कोटासारखी. मग तीही दुमडली.

आत दोन मेंढ्या गाडल्या गेल्या होत्या. त्यांना काढता काढता क्लेमचा हात मातीत गेला तो थेट मनगटापर्यंत. दोन हात जाडीची भिंत आतून सकाळच्या लापशीसारखी झाली होती. तेहतीस वर्षं जमिनीतून वर चढलेली ओल, फटींतून शिरलेला पाऊस, काहीच बाहेर पडू शकलं नव्हतं. त्याच्या टणक, गुळगुळीत गिलाव्याने सगळं आत कोंडून ठेवलं होतं. भिंतीला घाम आला होता आणि पुसायला कुणी नव्हतं.

टकर आपला उंदरांना शिव्या देत होता. उंदरांनीच जोतं पोखरलं, तो म्हणाला, आणि क्लेमच्या पाठीवर थाप मारली. "तुझं सिमेंट होतं म्हणून एवढी वर्षं तरी उभी राहिली, राजा."

त्याने शिवी दिली असती तर क्लेमला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून टकटक सुरू झाली. अकरा घरं, आणि प्रत्येक घरात माणसं झोपत होती. सुकी भिंत टणक वाजते, ओली बद्द वाजते, हे त्याला सातव्या वर्षापासून ठाऊक होतं. पण भीती कानात शिरली की काही खरं राहत नाही. त्याला सगळ्याच भिंती बद्द वाजायला लागल्या, मग त्याचं स्वतःचं विटांचं घरही तसंच वाजलं.

सगळ्यांत जास्त भीती आयव्हीची. अडुसष्ट वर्षांची विधवा, कंबर धरलेली, म्हणून पलंग खाली मागच्या खोलीत आणलेला, डोक्याची बाजू मागच्या भिंतीला. शिवाय रोज दुपारी तीन ते सहा तिच्याकडे म्हाताऱ्यांचा चहा. नॉर्थकॉटबाई आणि आणखी तिघी-चौघी, सगळ्या त्याच भिंतीला पाठ लावून स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे गोडसर पाव, खात बसायच्या. आयव्ही स्वतः मात्र कधी कुणाच्या घरी चहाला गेली नाही. बोलावलं तर म्हणायची, तुम्हीच या. तीस वर्षं हे चाललं होतं, आणि पाठीमागे सगळे तिला राणीसाहेब म्हणायचे.

क्लेम तीनदा सांगायला गेला. पहिल्या वेळी नळ दुरुस्त करून आला. दुसऱ्या वेळी चार स्कोन खाल्ले. तिसऱ्या वेळी आयव्हीनेच विचारलं की तुझं पोट साफ होतं का नीट, आणि तो हो म्हणून परत आला. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की बाबा बरोबर होते, आणि मी चार माणसांत त्यांचं हसं केलं, आणि आता अर्धं गाव माझ्या हातच्या कामाखाली गाडलं जाईल?

मेच्या पहिल्या आठवड्यात आयव्हीच्या मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात त्याला केसाएवढी चीर दिसली. तिच्या टोकाशी त्याने पेन्सिलीने रेघ मारली. पुढच्या मंगळवारी चीर रेघेच्या दोन बोटं पुढे गेली होती.

क्लेम स्वयंपाकघरात गेला, उभ्यानेच टोपी काढली, आणि कोठारापासून सगळं सांगून टाकलं. आयव्ही कणीक मळत होती. तिचे हात थांबले, पण तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्या घाईत ते क्लेमच्या लक्षातही आलं नाही.

"मग काय करायचं म्हणतोस?" तिने विचारलं.

"टेकू लावायचे. मग गिलावा काढायचा, थोडा थोडा. आत लापशी असेल तर आता ती सालच भिंतीला धरून आहे. एकदम काढली की भिंत खाली."

"आणि तू तिच्या पायाशी बसून काढणार."

"दुसरं कोण काढणार?"

तू तोवर नॉर्थकॉटबाईंकडे जाऊन बस, असं त्याने सांगितलं. ती नाही म्हणाली. त्याने गयावया केली, तरी नाहीच. शेवटी अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली खुर्ची टाकून ती बसली, भिंतीपासून लांब, हात पदरात घेतल्यासारखे ॲप्रनमध्ये गुंडाळून.

त्याने ॲश झाडाच्या चिवट लाकडाचे सहा टेकू लावले. एकेक वासा ठोकताना त्याला वाटत होतं, आता सुटणार भिंतीचा तो कोठारासारखा श्वास. वरून मातीचा एक कण खांद्यावर पडला तर तो उडी मारून मागे झाला, आणि मग लाज वाटून परत पुढे आला. आता उरलं होतं भिंतीला लागून असलेलं लांब फळकुटाचं बाक. त्यावर आयव्हीच्या कुंड्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. या कुंड्यांना हात लावला म्हणून तिने त्याला दोनदा घराबाहेर काढलं होतं.

"थांब," ती खुर्चीतून उठली. "ते मी हलवते."

"तू इकडे येऊ नकोस, आयव्ही. देवाशपथ येऊ नकोस."

ती आली. एकेक कुंडी उचलून तिने गवतावर ठेवली. मग दोघांनी बाक ओढलं.

जोत्याच्या वर वीतभर उंचीची पट्टी, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सिमेंटशिवाय होती. कुणीतरी तेवढाच गिलावा नीट सरळ रेषेत छिन्नीने काढला होता, आणि उघड्या मातीला चुना लावला होता. चुन्याचे थर एकावर एक, शेवटचा याच वसंतातला. क्लेम गुडघ्यांवर बसला. गिलाव्याच्या कापलेल्या कडेवर छिन्नीचे वार दिसत होते, आणि ते सगळे उलट्या बाजूला कललेले होते. गावात डावखुरा गवंडी एकच होऊन गेला होता.

त्याने अंगठ्याने माती दाबली. दबली नाही. बिस्किटासारखी कडक आणि कोरडी होती. छातीच्या उंचीवर गिलाव्याचा एक तुकडा त्याने उडवला, तिथेही कोरडी. चीर नुसत्या सालीची होती. त्याने कपाळ भिंतीला टेकवलं.

"तू एक्झिटरला कामाला गेला होतास तेव्हा," आयव्ही मागून म्हणाली. "चार दिवस लागले बाबांना. खोकत होते आणि छिन्नी मारत होते. इथे बाक ठेव म्हणाले, म्हणजे फटीतून वारा खेळेल आणि क्लेमला दिसणार नाही. दर वसंतात चुना मात्र मीच लावत आले."

"मला का नाही सांगितलं?"

"लोकांसमोर तू त्यांना रुमाल दिला होतास. त्यांना तुला लोकांसमोर तसं काही परत द्यायचं नव्हतं. म्हणाले, त्याचं त्याला कळेल."

क्लेमने मान वळवली. "बाकीची घरं?"

"मी विचारलं. म्हणाले, आयव्ही, माझ्यात आता एकाच भिंतीचं बळ आहे." ती बाकावर बसली. "मग ते गेले. मी म्हटलं, तुला सांगेन. पण तेव्हा तुझं नाव झालं होतं. मग तुझं लग्न आलं. मग इतकी वर्षं झाली की आता सांगितलं तर लोक विचारतील, आजवर गप्प का बसलीस. मला भीती वाटली, क्लेम. त्या बाकीच्या घरांत पाय ठेवायची भीती वाटायची, आणि सांगायचीही. म्हणून चहाला बोलवत राहिले. निदान तीन ते सहा तरी मेबल आणि बाकीच्या माझ्या भिंतीखाली असतील."

एवढे दिवस त्याला वाटत होतं की ही भीती त्याच्या एकट्याची आहे.

चर्चच्या घड्याळात तीन वाजले. फाटक कुरकुरलं आणि नॉर्थकॉटबाई टोपलीत मुरंबा घेऊन आत आल्या. टेकू बघितले, गवतावरच्या कुंड्या बघितल्या. "ठोठावून भागलं नाही वाटतं? आता पाडायलाच निघालास?"

क्लेम उठला. छिन्नी हातातच होती. "आज चहानंतर घरी जाऊ नका, बाई. आधी मी येऊन भिंत बघतो."

"माझ्या भिंतीला काय धाड भरलीय? तुझा गिलावा आहे तिला."

"माझा आहे, म्हणूनच म्हणतोय."

नॉर्थकॉटबाईंच्या ओठांवर आलेलं हसू तिथेच राहिलं. त्यांनी टकरचं कोठार पडलेलं बघितलं होतं, त्या मेंढ्याही बघितल्या होत्या. टोपली हळूच खाली ठेवून त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून ठाऊक आहे तुला?"

क्लेमने तोंड उघडलं, पण त्याच्याआधी आयव्ही बाकावरून उठली.

"त्याला महिनाभर, मेबल," ती म्हणाली. "मला बत्तीस वर्षं."