गोधडीच्या आतला थर

कमल मेश्राम नवऱ्याच्या सरकारी नोकरीपायी नागपूरहून लखनऊला आल्या. नवरा गेल्यावर त्यांनी वस्तीतल्या बायांना चौक बाजारातल्या चिकनकारी भरतकामवाल्यांकडे उरलेल्या कापडाच्या कतरनीतून गोधड्या शिवायला शिकवलं. त्या विक्रीवर बायांचा गट चालायचा. कमलताई कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या, विचारणाऱ्यांतल्याही नव्हत्या.

त्यांच्या गावी गोधडीवालीच्या दारात जुन्या कपड्यांचं गाठोडं आलं, की ते गोधडीसाठीच असतं. शेजारच्या शाइस्तानं, घर गळायला लागलं म्हणून, भिजू नये यासाठी एक गाठोडं त्यांच्या दारात ठेवलं. कमलताईंनी सरळ कात्री लावली आणि सगळं आतल्या थरात घातलं.

त्यात शाइस्ताच्या मेलेल्या मुलीचे कुर्ते होते.

हे कळलं, तोवर गोधडी प्रदर्शनात टांगलेली होती. लष्करी छावणीतल्या एका मॅडमनी ती विकतही घेतली होती आणि त्या ती सोडायला तयार नव्हत्या.

शाइस्ता प्रदर्शनात आली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "दीदी, किस तरफ़ है?"

कमलताईंना ठाऊक नव्हतं. वरचे तुकडे निवडून लावतात, आतल्याकडे कोण बघतं? त्यांनी एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

प्रदर्शन बंद होईपर्यंत शाइस्ता त्या कोपऱ्यावर हात ठेवून उभी होती.