प्रेसला घातलेला हार

अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमधून मला काढलं ते एका झेंडूच्या हारापायी. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्या बायकोचा चेहरा बघून गप्प होतात.

त्या वर्षी पत्रे वाकवणारा नवा प्रेस आला होता. मी स्टोअरचा इनचार्ज, त्यात पुणेकर. खंडेनवमीला नव्या मशीनला हळदकुंकू लागल्याशिवाय मला चैन पडतंय होय? मॅनेजरला विचारलं. हा गृहस्थ सगळ्यांना लाडानं हबीबी म्हणायचा, आणि पगारवाढ मागितली की इन्शाल्ला म्हणायचा, म्हणजे देवाच्या मर्जीवर सोडून मोकळा. पेढ्यांचा बॉक्स बघून म्हणाला, "यल्ला हबीबी, चलो, करो पूजा." पहिला मान साहेबाचा, म्हणून हार मी त्याच्याच हातात दिला. तो नको नको म्हणत होता, पण आपण एकदा आग्रहाला पेटलो की समोरच्याचं काही चालत नाही. त्यानं हार घातला तो नेमका सेफ्टी सेन्सरच्या तोंडावर. वेल्डरनं फोटो काढला.

संध्याकाळी हार मी काढला, पण एक पाकळी आत अडकून राहिली. सेन्सरला वाटत राहिलं की मध्ये कुणाचा तरी हात आहे. दोन दिवस प्रेस ढिम्म हलेना. शेवटी दुबईहून टेक्निशियन आला आणि त्यानं ती चिमट्यानं उपसली. तोवर ऑर्डर लेट, मालक भडकलेला, आणि माझ्या हातात पत्र: परवानगीशिवाय मशीनशी छेडछाड, गैरवर्तन. पत्र देताना मॅनेजरनं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "खलास, हबीबी." असा संताप आला म्हणून सांगू.

नोकरी गेली की इथे विम्यातून तीन महिने भत्ता मिळतो. पण शिस्तभंगासाठी काढलेल्याला छदामही नाही. पत्रातल्या गैरवर्तन या एका शब्दावर माझा अर्ज फेटाळला. मुलगी दहावीत. दुसरी नोकरी मिळेपर्यंत जवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतलं भाड्याचं घर टिकवायचं, तिची शाळा अर्ध्यात सुटू द्यायची नाही, तर तो भत्ता हवाच होता. मी कंपनीविरुद्ध तक्रार ठोकली. मुलीनं माझ्या फोनमधल्या वर्कशॉपच्या ग्रुपवरून वेल्डरनं काढलेला फोटो शोधून दिला, त्यात हार घालताना मॅनेजर. "बाबा, चिल. ही इज द वन पुटिंग इट ऑन."

व्हिडिओ कॉलवर सुनावणी झाली. अधिकाऱ्यानं फोटो बघितला आणि हार घालणारा कोण, असं विचारलं. मॅनेजर खाली बघत म्हणाला, "मी." पत्रातून गैरवर्तन हा शब्द काढला गेला, माझा भत्ता सुरू झाला. मी दोन दिवस शिट्टी वाजवत घरभर फिरलो.

दोन हप्ते आले. तिसऱ्याच्या आधी मॅनेजरचा फोन. "हबीबी, मुझे भी निकाल दिया." तोच फोटो मालकाला दिसला होता. कारणही तेच, गैरवर्तन. भत्त्यासाठी अर्ज करायला त्याच्या हातात तीस दिवस होते. हार मीच आग्रहानं दिला, सेन्सर कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं, एवढं मी लिहून दिलं तर त्याचं काम होणार होतं. मी म्हणालो, "इन्शाल्ला."

बायको म्हणाली, "हार तुम्ही दिला हे वाचून आपलाच भत्ता थांबवला तर? आधी आपला तिसरा हप्ता येऊ दे, मग काय ते लिहा." मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. तो रोज फोन करायचा आणि मी रोज इन्शाल्ला म्हणायचो. पहिले चार दिवस तर मजा आली. पाचव्या दिवशी मुलीनं तोच फोटो मोठा केला. कडेला हार पुढे करणारा एक हात होता, मनगटात लाल दोरा.

"बाबा, दॅट्स युअर हँड."

तरी मी थांबलो. अकराव्या दिवशी हप्ता जमा झाला आणि संध्याकाळी मी कागदावर सही करून त्याच्या घरी गेलो. दारातच सामानाची खोकी रचलेली, सगळ्यात वरच्या खोक्यात त्याच्या मुलीची शाळेची पुस्तकं. मला लाज वाटली. कागद दिला आणि निघतो म्हणालो. त्यानं कागद वाचलाही नाही. आधी चहा पिऊन जा म्हणाला, हाताला धरून बसवलं.

मी नको नको म्हणत होतो, पण त्यानं आग्रह केला.