कॅमेऱ्यात पडलेल्या अक्षता

पाताळगंगेच्या काठचा रसायनांचा कारखाना बंद झाला तेव्हा दादा पन्नाशीला टेकला होता. सगळी नोकरी त्याने तिथेच काढलेली. निरोप देताना कारखान्याने त्याला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला आता कुठेच वेळेवर पोहोचायचं नाही त्याला घड्याळ देणाऱ्यांची विनोदबुद्धी मोठीच म्हणायची.

दादाची मुलगी, माझी भाची, लग्नाची झाली होती. स्थळं यायची आणि त्यांचा पहिला प्रश्न मुलीबद्दल नसायचाच. "वडील काय करतात?" 'रिटायर झालेत' म्हणावं तर दादाचे केस काळे होते. 'घरीच असतात' हे वहिनीच्या तोंडून निघत नव्हतं. या प्रश्नाला एक धड उत्तर असावं म्हणून दादाने डीएसएलआर कॅमेरा घेतला. तसं तो बोलला नाही. "आता डिजिटलचा जमाना आहे," एवढंच म्हणाला. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचा त्याचा बेत होता.

त्याला अनुभव नव्हता असं नाही. कारखान्याच्या सुरक्षा सप्ताहात बक्षीस देणारा साहेब आणि घेणारा कामगार, दोघंही कपाचा एकेक कान धरून कॅमेऱ्याकडे बघतायत, असे फोटो तो वर्षानुवर्षं काढत आला होता.

खोकं उघडायला मला बोलावणं आलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, जाड पुस्तकं वाचते, म्हणजे माहितीपुस्तिकाही वाचेन असा घरात समज आहे. वाचली. सुरुवातीची पानंच्या पानं काय करू नये यावर खर्ची पडली होती. कॅमेऱ्यातून सूर्याकडे पाहू नये, पट्टा लहान मुलाच्या गळ्यात अडकवू नये. तोवर दादाने कॅमेरा बाहेर काढला होता. लेन्स वेगळी, कॅमेरा वेगळा. कॅमेऱ्याच्या तोंडावर एक काळं झाकण होतं. ते पॅकिंगचंच असणार असं समजून त्याने ते काढून थर्माकोलच्या ढिगात टाकलं.

"लेन्स नंतर. आधी पूजा," वहिनी तबक घेऊन आली. आमच्याकडे मिक्सरपासून स्कूटरपर्यंत कुठलीच वस्तू कुंकवाशिवाय कामाला लागत नाही. तिने कॅमेरा हातात घेतला, उघड्या तोंडातून आत डोकावली आणि हरखली. "अगंबाई, आत आरसा आहे!"

"वहिनी, त्या आरशाला हात लावू नये असं इथे लिहि..."

"ताई, तुमचं ते पुस्तक जपानी लोकांनी लिहिलंय," असं म्हणत तिने अनामिकेने आरशाला हळद लावली, कुंकू लावलं आणि वर चार अक्षता टाकल्या.

दादाने कॅमेरा पालथा करून झटकला. तांदूळ पडले. कुंकू पडलं नाही. मग त्याने आत फुंकर मारली आणि चष्म्याच्या फडक्याने पुसलं. ते कुंकू फडक्यावर आलं कमी आणि आत पसरलं जास्त.

लेन्स लावून त्याने पहिला फोटो काढला. कॅमेरा 'खटॅक' बोलला. आमच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचा आवाज लाजऱ्या पाहुण्यासारखा होता. हा हातात जड लागत होता आणि बोलतही ठासून होता. दादाने तो आवाज पुन्हा पुन्हा काढला. बऱ्याच महिन्यांत त्याची मान एवढी ताठ पाहिली नव्हती. मी डोळा लावला तेव्हा समोरची इमारत, तिच्याखालचा पाण्याचा टँकर आणि कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा तीस चेहऱ्यांचा फलक, सगळंच किंचित गुलाबी दिसलं. पनवेलला असा रंग एरवी कुणी देत नाही.

पहिली ऑर्डर आली ती कारखान्यातल्या त्याच्या जुन्या सोबत्याकडून. हा उरणकडच्या गावातला आगरी. त्याच्या शेतावर आता कंटेनरचं यार्ड होतं आणि मुलाची हळद होती. "दादा, तुमी घरचे. तुमाला नाय सांगनार तर कोनाला सांगनार?" फोनवरचं हे वाक्य दादाने आम्हाला अनेकदा ऐकवलं.

फ्लॅशची बॅग धरायला मी गेले. मांडवात पोहोचलो तर तिथे आधीच एक क्रेन होती आणि तिच्या टोकाला कॅमेरा घिरट्या घालत होता. खाली पाच जण, पाचांच्या गळ्यात कॅमेरे, त्यातले तीन थेट दादासारखेच. स्टेजशेजारच्या भल्यामोठ्या पडद्यावर नवरदेवाचं नाक दिसत होतं.

"हे कोण?" दादाने विचारलं.

"ती पोरांची हौस वो. तुमी आरामात काडा. जेवलाव का नाय?"

स्टेजजवळ दादाला जागा मिळेना. सारखं कुणीतरी "काका, फ्रेममध्ये येताय" म्हणायचं. शेवटी तो मांडवाच्या कोपऱ्यात गेला. तिथे धवलारीण बसली होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी पार पाडणारी ही बाई. डीजेपुढे तिचा एक शब्द ऐकू येत नव्हता, पण ओठ हलत होते, आणि फोटोला आवाज लागत नाही. क्रेन तिकडे वळत नव्हती. दादाने तिचे आणि तिच्याभोवतीच्या म्हाताऱ्यांचे फोटो काढले. ते चांगले होते. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही. बहीण म्हणून मला ते वाईट निघाले असते तर सोपं गेलं असतं.

घरी कॉम्प्युटरवर पाहिलं तर प्रत्येक फोटोत त्याच त्याच जागी ठिपके. आरशावरचं कुंकू उडून, फोटो जिथे उमटतो त्या आतल्या काचेवर जाऊन बसलं होतं. नवरदेवाच्या गालावर देवी आल्यासारख्या दिसत होत्या. पुढचे कितीतरी दिवस दादा भाचीकडून शिकून एकेक ठिपका माउसने पुसत बसला.

सीडी द्यायला गेलो तेव्हा सोबत्याच्या टीव्हीवर त्या पोरांनी केलेली फिल्म चालू होती. नवरदेव संथ गतीने गाडीतून उतरत होता, उतरतच होता. दादाने सीडी पुढे केली.

"ठेवा ना. सवडीनं बगतो. आदी जेवा."

सीडी फ्रिजवर गेली. आम्ही जेवलो. सुरमई उत्तम होती आणि आग्रह मनापासूनचा होता, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

त्यानंतर कल्याणचं एक स्थळ आलं. मुलाच्या काकांनी चहाचा कप खाली ठेवून तो प्रश्न विचारला. वहिनीने घोकून ठेवलेलं उत्तर दिलं, "फोटोग्राफी करतात."

"वा! छंद हवाच माणसाला," काका म्हणाले. "आणि बाकी?"

वहिनीने पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. शेवटी काकांनाच आमची दया आली. "आलोच आहोत तर एक ग्रुप फोटो होऊन जाऊ दे!"

दादाने सगळ्यांना नीट उभं केलं, भाचीला मध्ये घेतलं, पडदा सरकवून उजेड घेतला. मी म्हटलं, मी काढते, तू उभा राहा. त्याने ऐकलं नाही. फोटोत मुलीचे वडील सोडून सगळे आले.

फोटो ईमेलने पाठवला. आठवड्याभराने उत्तर आलं. भाचीने वाचून दाखवलं, "फोटो मस्त. क्लॅरिटी छान आहे. धन्यवाद."

"पुढे?" वहिनी म्हणाली.

"पुढे काही नाही."

वहिनी उठून आत गेली. दादा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिला. "विचार त्यांना, प्रिंट हवी का," तो म्हणाला. "मोठी करून, फ्रेम लावून देऊ म्हणावं."

भाचीने माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून टाइप केलं. त्यांना नको होती.