बिनमिठाची काकडी

लग्न होऊन कारंज्याजवळच्या खेड्यात आले तेव्हा मी चौदा वर्षांची असेन. इंग्रजांचं राज्य होतं. घरात भाजी कोणती शिजायची हे सासरे ठरवायचे, कारण बाजार तेच करायचे. त्यांनी वांगी आणली की दोन दिवस वांगी, मग पुढच्या बाजारापर्यंत चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकर, आणि ठेचा. मला विचारतंय कोण! जीभ माझी पहिल्यापासून चटोर आणि स्वभाव तिखट. दुसऱ्या पावसाळ्यात मी न्हाणीमागची जागा साफ केली, बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि काकडी, दोडके, वाल लावले. थोडा सांबारही पेरला, म्हणजे तुमची कोथिंबीर. सासूबाई म्हणाल्या, घरातली कामं कमी पडली वाटतं हिला. पण त्याच दिवसापासून भांड्यांचं पाणी त्या तिकडे ओतायला लागल्या.

काय सांगू, त्या वीतभर जागेनं किती सुख दिलं! सकाळी पानांआड हात घालून दोडका चाचपायचा, तो हाताला लागला की दिवस चांगला जायचा. आज काय शिजेल हे मी सांगायची. शेजारीण सांबार मागायला आली की मी उगीच जरा ऐट करायची, मग मूठभर जास्तच द्यायची. देण्यासारखं माझ्याकडे तोवर दुसरं काही नव्हतंच.

एक माणूस मात्र माझ्या हातचं काही घेत नव्हता, आणि ते माझे बाबा. आमच्याकडे तेव्हा रीतच होती. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी जेवण सोडाच, पाणीही प्यायचं नाही. माहेर चार कोसांवर. बाबा पायी यायचे, गावाबाहेर ओढ्यावर पाणी प्यायचे, आमच्या ओट्यावर घडीभर टेकायचे आणि कोरड्या तोंडानं परत जायचे. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल काही होईना. बाया कुजबुजायच्या ते मी ऐकून घ्यायची. बाबांचं असं परत जाणं मात्र सहन व्हायचं नाही.

त्या श्रावणात ते मला पंचमीला न्यायला आले ते तापातून उठूनच. ओठ सुकलेले. ओढाही त्या वर्षी गढूळ होता, तिथं प्यायले नव्हते. मी पाणी दिलं, त्यांनी मान हलवली. मला रडू यायच्या जागी राग आला. मूल नाही हा काय माझा गुन्हा, आणि त्याची शिक्षा यांनी भोगायची? तांब्या आपटला आणि बाबांनाच बोलले, की तहानेनं मरायलाच येत असाल तर येऊ नका.

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या मागे गेल्या, वेलाच्या दोन काकड्या तोडून आणल्या, पदर सावरून दाराआड उभ्या राहिल्या. व्याह्यांशी थेट बोलायची पद्धत नव्हती, म्हणून बोलल्या माझ्याशी, पण ओट्यावर ऐकू जाईल अशा आवाजात.

"सांग तुह्या बाबाले. हे आमच्या वावरातलं नाही, आमच्या घरचं नाही. तुह्या हातचं हाय. सासरचं पाणी नका पिऊ म्हना, पन लेकीच्या कष्टाचं खा म्हना. मीठ आमचं हाय, थे काही मी देत नाही."

बाबांनी काकडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग खाल्ली, करकर चावत, बियांसकट. दुसरीही खाल्ली. वेल ज्या पाण्यावर वाढला ते कोणाच्या घरचं, हे कोणी विचारलं नाही, आणि मीही बाई गप्प बसले.

त्यानंतर तीन वर्षांनी दिवाळीत मला मुलगा झाला. बाबा त्या उन्हाळ्यातच गेले होते. माझ्या हातची भाकर त्यांनी कधी खाल्ली नाही, पण तीन श्रावण काकड्या खाल्ल्या, सासूबाईंनी तोडून दिलेल्या. जन्मभर माझं नि सासूबाईंचं पटलं नाही. पण बापाला मी जेवू घातलं असं आज म्हणू शकते, ते त्यांच्यामुळे.